नळयोजना ताब्यात घेताय? आधी या चुका टाळा

टाकीला रंग लागला, चौकात फलक उभा राहिला, की ठेकेदाराला सहीची घाई होते. आपणही ग्रामसभेत हात वर करून हस्तांतरणाचा ठराव मोकळा करतो. गाव फसतं ते इथेच.

ताबा घेण्याआधी योजना उन्हाळ्यात चालवून बघा. श्रावणातली विहीर कुठल्याही मोटारीला पाणी देते. आणि चाचणी टाकीखालच्या घरात नको, शेवटच्या वस्तीत घ्या. जलजीवन मिशनचा हिशेब माणशी रोज 55 लिटरचा, म्हणजे पाच माणसांच्या घराला 275 लिटर. पाणी तासभरच सुटणार असेल तर 15 लिटरची बादली सव्वातीन मिनिटांत भरली पाहिजे, तीही आळीतले सगळे नळ चालू असताना. एकट्या नळाला काय, धार लागतेच. टाकीही रात्री भरून व्हॉल्व्ह बंद करा आणि पातळीची खूण सकाळी तपासा.

पाइपलाइनचा नकाशा हातात पडल्याशिवाय सही नको. आमच्याकडे कुठला व्हॉल्व्ह कुठे हे एकट्या पाणी सोडणाऱ्या मामांना ठाऊक. रस्त्याच्या डांबरात दोन व्हॉल्व्ह गाडले गेले आणि त्याच आठवड्यात मामा आजारी पडले. चार दिवस पहार घेऊन रस्ता ठोकत फिरलो.

पाणीपट्टी शेजारच्या गावाकडे बघून ठरवू नका. 7.5 अश्वशक्तीची मोटार तासाला किमान साडेपाच युनिट खाते. रोज सहा तास धरले तर महिन्याला हजार युनिट! त्यात पाणी सोडणाऱ्याचा पगार, टीसीएल (पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर) आणि मोटार जळाली तर रिवाइंडिंगचा खर्च धरा, मग घरटी भागा.

वरच्या आळीला पाणी चढत नाही म्हणून मोठी मोटार बसवण्याची हौस तर हमखास. अहो, मोटार टाकी भरते. नळाला दाब मिळतो टाकीच्या उंचीने. आधी खालच्या आळीतले तोटी नसलेले नळ आणि थेट लाइनला जोडलेले पंप शोधा, खालचा व्हॉल्व्ह थोडा आवळा, लाइनमधली हवा बाहेर सोडणारा एअर व्हॉल्व्ह तुंबलाय का बघा. लाइनला पंप लावणारा बहुतेक वेळा गावच्या पाणी समितीतलाच निघतो, म्हणून हे काम लांबतं.

टीसीएलचं पोतं उघडं ठेवलं की क्लोरीन उडून जातो. ओटी, म्हणजे क्लोरीन तपासायचं ऑर्थोटोलिडिनचं द्रावण, टाकल्यावर शेवटच्या नळाचं पाणी पिवळं झालं नाही, तर पावडर आणखी ओतण्याआधी पोतंच तपासा.