ब्लॅकजॅक आणि पत्त्यांची मोजणी: घरीच, चिंचोक्यांवर शिका

ब्लॅकजॅक शिकायला कसिनो लागत नाही. पत्त्यांचा एक कॅट, मूठभर चिंचोके आणि घरात पत्ते वाटायला तयार असलेलं एक माणूस, एवढं पुरतं. तसाही ठाण्यात कसिनो नाही. महाराष्ट्रात कसिनोसाठी 1976 चा कायदा होता, पण तो कधी अमलात आलाच नाही आणि 2023 मध्ये रद्द झाला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ 2025 च्या केंद्रीय कायद्याने बंद झाले. त्यामुळे 'आजच खाते उघडा, बोनस मिळवा' असा मेसेज आला तर तो उडवून टाका. चिंचोके हा माझा आग्रहच आहे: चूक केवढ्याला पडली ते दिसतं आणि भांडण होत नाही.

आधी खेळ

रमी येत असेल तर रमी विसरा, इथे हात लावायचा नसतो. राजा, राणी, गुलाम यांचे प्रत्येकी 10, एक्क्याचा 1 किंवा 11, बाकी पत्त्यांवर असेल तो आकडा. दोन-दोन पत्ते वाटले जातात, डीलरचा (पत्ते वाटणाऱ्याचा) एक उघडा असतो. तुम्हाला डीलरपेक्षा जास्त बेरीज करायची, पण 21 च्या वर गेलात की बाद. डीलरला डोकं चालवायची मुभा नाही: 16 पर्यंत त्याने पत्ता घ्यायचा, 17 ला थांबायचं.

मग कसिनो कमावतो कुठे? तुम्ही आधी खेळता, इथेच. तुम्ही बाद झालात की पैसे गेले. नंतर डीलरही बाद झाला तरी ते परत येत नाहीत.

मग तक्ता

कोणत्या हाताला काय करायचं हे गणिताने ठरलेलं आहे. 1956 मध्ये अमेरिकी लष्करातल्या चौघांनी टेबलावरच्या साध्या कॅल्क्युलेटरवर ते मांडलं. हा तक्ता पाढ्यासारखा पाठ हवा, विचार करावा लागला तर तो अजून आलेला नाही. गाभा असा:

डीलरचा उघडा पत्ता 2 ते 6 असेल आणि तुमची बेरीज 13 ते 16 असेल, तर थांबा. 12 असेल तर फक्त 4, 5, 6 समोर थांबा. डीलरकडे 7 किंवा त्याहून मोठा पत्ता दिसला तर 17 होईपर्यंत घेत राहा. 11 ला डाव (लावलेली रक्कम) दुप्पट करा, मग एकच पत्ता मिळतो. 10 ला डीलर 2 ते 9 असेल तर, 9 ला 3 ते 6 असेल तर. दोन एक्के आणि दोन अठ्ठ्या नेहमी फोडा, म्हणजे त्यांचे दोन वेगळे हात करा; दोन दश्श्या आणि दोन पंज्या कधीच नाही. एक्का-छक्कीवर थांबू नका, ते 17 पक्के नसतात.

यात लोक अडतात ते 16 विरुद्ध दश्शीला. आमच्याकडे पत्ते आत्या वाटते, रमीतली जुनी खेळाडू. माझे सोळा झाले की ती हमखास म्हणते, "अरे, गप्प बस ना, बाद होशील!" तिचं म्हणणं अगदीच चूक नाही, कारण 16 वर पत्ता घेतला तर 13 पैकी 8 प्रकारचे पत्ते तुम्हाला बाद करतात. पण थांबलात तरी डीलर बहुतेक वेळा 17 किंवा त्यापुढे जातोच. दोन्हीकडे शंभरामागे साधारण 54 चा तोटा, पत्ता घेण्यात केसभर कमी. तक्ता हात जिंकून देत नाही, नुकसान कमी करतो, हे या एका हाताने कळतं.

आणि इन्शुरन्स घेऊ नका, म्हणजे डीलरचा उघडा पत्ता एक्का असताना त्याचा दुसरा दहाच्या किमतीचा निघेल यावर लावायचा वेगळा डाव. तो परवडायला दहाच्या किमतीचा पत्ता तीनात एकदा यायला हवा. तो येतो 13 मध्ये 4 वेळा.

चांगल्या नियमांच्या टेबलावर तक्ता न चुकता खेळलात तर कसिनोचा फायदा साधारण अर्ध्या टक्क्यावर येतो.

आता मोजणी

1962 मध्ये गणिताचे प्राध्यापक एडवर्ड थॉर्प यांनी दाखवून दिलं की गेलेले पत्ते लक्षात ठेवले तर हा अर्धा टक्का उलटवता येतो. पत्ता न् पत्ता लक्षात ठेवायचा नसतो. आज नवशिक्यांना शिकवतात ती हाय-लो पद्धत: दुर्री ते छक्की +1, सत्ती-अठ्ठी-नव्वी शून्य, दश्शी ते एक्का –1. पूर्ण कॅटची बेरीज शून्य येते. आकडा वर गेला म्हणजे लहान पत्ते संपले, मोठे उरले. मोठे पत्ते तुमच्या बाजूचे, कारण पहिल्याच दोन पत्त्यांत एक्का आणि दहाच्या किमतीचा पत्ता आला की होणारा ब्लॅकजॅक तुम्हाला दीडपट देतो, डीलरला फक्त एकपट; शिवाय 12 ते 16 वर त्याला पत्ता घ्यावाच लागतो.

एकेक पत्ता मोजू नका, जोड्या उडवा. समोर राजा, पंजी, तिर्री, नव्वी, एक्का, छक्की आहेत. राजा-पंजी उडाले, एक्का-तिर्री उडाले, नव्वीचं काही नाही, उरली छक्की. आकडा +1.

सरावाची उत्तम रीत: कॅट पिसा, एक पत्ता न बघता बाजूला ठेवा, बाकी 51 मोजा. शेवटी +1 आलं तर लपलेला पत्ता दश्शी ते एक्का यांपैकी, –1 आलं तर दुर्री ते छक्की यांपैकी, शून्य आलं तर मधला. 30 सेकंदांत आणि सलग बरोबर जमेपर्यंत पुढे जाऊ नका. मग टीव्ही लावून करा. ठाणे-वाशी लोकलमध्ये बसायला मिळालं तर मोबाइलवर फुकटचं सराव ॲप उघडा. घणसोलीला गर्दी चढली तरी आकडा टिकला तर प्रगती आहे. डब्यात पैसे लावून पत्ते मात्र नकोत, जुगारबंदीच्या कायद्यात अडकाल.

कसिनोत बहुधा सहा-आठ कॅट एकत्र असतात. म्हणून आकड्याला उरलेल्या कॅटच्या अंदाजाने भागा: +6 आणि तीन कॅट शिल्लक, म्हणजे +2. दर एकाला साधारण अर्धा टक्का तुमच्याकडे सरकतो. +1 ला बरोबरी, त्यापुढे डाव वाढवायचा, खाली कमीत कमी. इन्शुरन्सही +3 पासूनच.

पैशांचं खरं चित्र

एक टक्का फायदा मिळाला असं धरा. 100 रुपयांचे 100 हात खेळलात तर अपेक्षित कमाई 100 रुपये. पण नुसत्या नशिबाने होणारी वर-खाली साधारण 1,100 रुपयांची असते. अख्खी संध्याकाळ अचूक मोजून हजार रुपये हरणं अगदी सहज घडतं. घरखर्चाचा किंवा उधारीचा पैसा इथे आणायचा नाही तो यासाठी.

गोव्याला गेलातच तर

वय 21 पूर्ण हवं. डोक्यातल्या डोक्यात मोजणं ही फसवणूक नाही, पण संशय आला तर कसिनो तुम्हाला थांबवू शकतो. मोबाइल किंवा कसलंही यंत्र वापरू नका. बसण्याआधी टेबलावर ब्लॅकजॅकचा भाव वाचा: 3:2 म्हणजे शंभरावर 150, 6:5 म्हणजे 120. ब्लॅकजॅक साधारण 21 हातांत एकदा येतो, तेव्हा 6:5 दिसलं की उठा. आणि खेळलेले पत्ते लगेच पिसणाऱ्या यंत्रात परत जात असतील तर मोजायला काही उरतच नाही. तिथे फक्त तक्ता खेळा, तोही छोट्या डावाने.