एमजीबीचे कार्ब्युरेटर बदलताना: आधी ओळख, मग खरेदी

एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार १९६२ ते १९८० या काळात बनली. आज तिच्या बॉनेटखाली मूळ कार्ब्युरेटर असेलच असं नाही; इतक्या वर्षांत कुणी ना कुणी हात घातलेला असतो. त्यामुळे केवळ गाडीचं साल सांगून दोन कार्ब्युरेटरची जोडी मागवली तर बहुतेक वेळा पैसे वाया जातात.

पहिलं काम, जात ओळखणं. फ्लोटचं बाऊल बॉडीच्या बाजूला लटकत असेल आणि त्याच्या तळातून जेटकडे (पेट्रोल सोडणाऱ्या तोटीकडे) बारीक नायलॉनची नळी जात असेल, तर तो एस.यू. कंपनीचा एचएस४. बाऊल वेगळं दिसतच नसेल आणि बॉडीच्या तळाला चार स्क्रूंचं झाकण असेल, तर एचआयएफ४. साधारण १९७१ पर्यंत एचएस४, पुढे एचआयएफ४. अमेरिकेत गेलेल्या गाड्यांना मात्र १९७५ च्या मॉडेलपासून एकच झेनिथ-स्ट्रॉमबर्ग आहे. नावातला आकडा म्हणजे एक इंचावर किती अष्टमांश: २ म्हणजे सव्वा इंच, ४ म्हणजे दीड, ६ म्हणजे पावणेदोन. एचआयएफ४४ हा अपवाद, तो ४४ मिलिमीटरचा.

माप जुळलं म्हणजे काम झालं असं नाही, आणि फसगत इथेच होते. दीड इंची एस.यू. कितीतरी ब्रिटिश गाड्यांना होते, पण प्रत्येकाची निडल (जेटमध्ये वर-खाली होणारी सुई), स्प्रिंग आणि बाऊलचा कोन वेगळा. खरी ओळख डॅशपॉटच्या (पिस्टनवरच्या घुमटीच्या) एका स्क्रूखाली अडकवलेल्या छोट्या पट्टीवर असते. तिच्यावरचा ‘एयूडी’ने सुरू होणारा क्रमांक टिपून घ्या. बॉडीवर ओतलेला आकडा नुसता ओतकामाचा असतो, त्यावर विसंबू नका.

पट्टी हरवली असेल तर डॅशपॉट उघडा. सुटा करण्याआधी डॅशपॉट आणि बॉडीवर खूण करा, आणि एका कार्ब्युरेटरचा पिस्टन दुसऱ्यात घालू नका. पिस्टन आणि डॅशपॉट जोडीनेच जुळवलेले असतात. निडलच्या दांड्यावर कोड कोरलेला सापडेल. स्प्रिंगच्या टोकाचा रंग पाहा: निळा अडीच औंस, लाल साडेचार, पिवळा आठ, हिरवा बारा. एमजीबीच्या जोडीला लाल लागते. निडल पिस्टनमध्ये घट्ट बसवलेली आहे की स्प्रिंगने एका बाजूला कललेली, हेही बघा. दोन्हींचे पिस्टन वेगळे, त्यामुळे एकीच्या जागी दुसरी चालत नाही.

आता खरंच बदलायचे आहेत का? थ्रॉटलचा स्पिंडल (हवेच्या झडपेचा दांडा) बोटांनी वर-खाली हलवा. खडखडत असेल, तर इंजिन आयडलिंगवर ठेवून स्पिंडलच्या टोकांशी थोडा कार्ब क्लीनर मारा (इंजिन तापलेलं नको, जवळ ठिणगी नको). आवाज बदलला तर तिथून हवा ओढली जातेय, आणि कितीही ट्यूनिंग करा, ती गाडी सरळ चालणार नाही. अशा बॉडीत नवे बुश आणि स्पिंडल टाकून घेता येतात. बहुतेक वेळा तेच शहाणपणाचं. बटरफ्लायवर (थ्रॉटलच्या चकतीवर) छोटा स्प्रिंगचा व्हॉल्व्ह असेल आणि आयडलिंग उगाच चढं राहत असेल, तर दोष त्याचा असू शकतो. साधी चकती बसवा.

बॉडी चिरली असेल किंवा पिस्टनच डॅशपॉटमध्ये घासत असेल, तर नवी जोडी घ्या. इंग्लंडमधली बर्लेन कंपनी एस.यू. आजही बनवते. मागवताना इंजिन क्रमांक द्या आणि या गोष्टी विचारा: पुढचा-मागचा असे दोन्ही आहेत ना (ते एकमेकांच्या आरशातले असतात), लिंकेज आणि हीट शील्ड त्याच जातीचं आहे का, डिस्ट्रिब्युटरच्या व्हॅक्यूमची नळी कुठे लागते, आणि क्रँककेसच्या वाफेसाठी नळीचं तोंड आहे का. ब्रीदरची नळी कार्ब्युरेटरला लागणाऱ्या इंजिनावर तोंड नसलेले जुने एचएस४ चढवले की वाफेला वाट उरत नाही आणि सीलमधून तेल गळायला लागतं. एचएस४ खोलायला सोपे. एचआयएफ४ वळणावर पेट्रोलची पातळी जास्त सांभाळतात. पण एचआयएफवरून एचएसवर जाण्यात चोक, लिंकेज आणि एअर फिल्टर असा बराच पसारा बदलावा लागतो, म्हणून आहे तीच जात ठेवणं बरं. वेबर ४५ डीसीओई हा दुसऱ्या कंपनीचा कार्ब्युरेटर दिसायला भारी, पण स्टॉक इंजिनावर त्याने पेट्रोल जास्त जातं आणि जेट जमवता जमवता दमछाक होते.

बसवल्यावर जेट पुलाच्या (पिस्टनखालच्या उंचवट्याच्या) पातळीला आणा, मग दोन पूर्ण फेरे खाली. एचएसला खालचा नट फिरवायचा, एचआयएफला बाजूचा स्क्रू. डॅशपॉटमध्ये २० ग्रेडचं तेल घाला. डॅम्पर (टोपीला जोडलेला, तेलात बुडणारा दांडा) खाली नेताना त्याची टोपी बसायला सुमारे ६ मिलिमीटर उरले असताना अडथळा लागला, म्हणजे पातळी बरोबर. भारतात पंपावर आता ई२० पेट्रोल मिळतं. त्याने मिश्रण लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) होतं आणि जुने रबर खराब होतात, म्हणून नळ्या आणि फ्लोट इथेनॉल सोसणारेच घ्या.

इंजिन तापल्यावर दोन्ही कार्ब्युरेटरमधला हवेचा ओढा सारखा करा. मग एकेका पिस्टनची पिन जेमतेम एक मिलिमीटर उचला. वेग वाढून तसाच राहिला तर मिश्रण रिच (पेट्रोल जास्त), इंजिन बंद पडायला लागलं तर लीन. क्षणभर चढून परत मूळ वेगावर आलं तर मिश्रण बरोबर; जेटच्या त्या नटाला किंवा स्क्रूला पुन्हा हात लावू नका.