थंडीत विद्राव्य खत तळाशी का बसते?

थंडी वाढली की ही तक्रार हमखास येते: संध्याकाळी नितळ दिसणाऱ्या खताच्या द्रावणात सकाळी तळाला खडे सापडतात. मग खतात भेसळ असल्याचा संशय येतो. पण आधी पाणी किती गार आहे ते बघा.

पाणी गार झाले की त्यात बहुतेक खते कमी विरघळतात. १३:०:४५, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, २० अंश सेल्सिअसच्या १० लिटर पाण्यात साधारण ३ किलो विरघळते, १० अंशाला दोनच किलो. संध्याकाळी ३ किलोचे द्रावण करून ठेवले आणि रात्रीत पाणी १० अंशांवर आले, तर किलोभर खत पुन्हा स्फटिक होऊन तळाशी जाते. सकाळी वरचे पाणी ठिबकला सोडले, तर हिशोबातले ते किलोभर खत पिकाला मिळतच नाही. ०:०:५०, म्हणजे पोटॅशियम सल्फेट, तर आणखी चिवट. २० अंशालाही १० लिटरमध्ये जेमतेम १.१ किलो मावते.

ढवळल्याने खत लवकर विरघळते, जास्त नाही. तासभर काठी फिरवून हात दुखवून घेणारे पाहिले की वाईट वाटते. पाण्याची मर्यादा भरली असेल तर पाणी वाढवा, नाहीतर ते कोमट करा. टाकी उन्हात ठेवून दुपारी द्रावण केले आणि लगेच सोडले, तरी बराच फरक पडतो.

युरिया टाकल्यावर बादलीला हात लावून बघा, ती गार लागेल. विरघळताना युरिया पाण्यातली उष्णता ओढून घेतो. म्हणून एकाच टाकीत दोन खते करायची असतील, तर आधी कमी विरघळणारे खत पूर्ण विरघळू द्या, युरिया शेवटी.

कॅल्शियम नायट्रेटची टाकी मात्र वेगळीच हवी. सल्फेटच्या खताशी त्याचे जिप्सम होते, १२:६१:० शी, म्हणजे मोनो अमोनियम फॉस्फेटशी, कॅल्शियम फॉस्फेट. हा साका गारठ्याचा नसतो, त्यामुळे पाणी तापवूनही जात नाही. ड्रिपरमध्ये बसलेले जिप्सम आम्लानेही सहजासहजी निघत नाही.

नवीन मिश्रण टाकीत करण्याआधी काचेच्या बरणीत त्याच पाण्यात, त्याच प्रमाणात करून बघा. बरणी रात्रभर बाहेर गारठ्यात ठेवा. सकाळी तळ स्वच्छ दिसला, तरच टाकी भरा.