डर्मॅटोमायोसायटिस आणि गरोदरपण: या चुका टाळा

पापण्यांवर जांभळट लाली, बोटांच्या पेरांवर लाल खवले, आणि पाटावरून उठताना भिंतीचा आधार. त्वचेला आणि स्नायूंना सूज आणणारा हा डर्मॅटोमायोसायटिस मला आहे हे कळायलाच वर्ष गेलं. घरात सगळे अशक्तपणा म्हणत होते. पुढे दिवस राहिले आणि "कित्याक खातस गो ती गोळी?" असं आई म्हणाली, तेव्हा मी स्टिरॉइड मनानेच बंद केलं. आठवड्याभरात केस विंचरायला हात वर जाईना.

असं कधीच करू नका. महिनोन्‌महिने स्टिरॉइड घेतलं की शरीर स्वतःचं कॉर्टिसॉल बनवायचं विसरतं. गोळी एकदम सुटली की रक्तदाब कोसळतो, उलट्या होतात, आजारही उसळतो. आणि ज्या बाळासाठी आपण घाबरतो, त्याच्यापर्यंत प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड फार थोडं पोचतं; बरंचसं वारेतच निष्क्रिय होतं. साखर आणि रक्तदाब मात्र तपासत राहा.

खरी घातक औषधं वेगळी. मेथोट्रेक्सेट दिवस राहण्याआधी साधारण 3 महिने आणि मायकोफेनोलेट किमान 6 आठवडे थांबवावं लागतं. त्याऐवजी अझाथायोप्रिन किंवा हायड्रॉक्सीक्लोरोक्विन चालतं, पण बदल संधिवाततज्ज्ञांनीच करायचा. आजार 6 महिने शांत असेल तेव्हाच पाळणा हलवायचा विचार करा. अँटी-रो या प्रतिपिंडाची (अँटीबॉडीची) रक्ततपासणीही तेव्हाच करून घ्या. ती पॉझिटिव्ह असेल तर बाळाच्या हृदयाचे ठोके मंदावण्याचा धोका असतो आणि सोळाव्या-अठराव्या आठवड्यापासून गर्भाची इको (हृदयाची सोनोग्राफी) लागते.

प्रतिकारशक्ती वाढवायला गुळवेलीचा काढा नको. इथे प्रतिकारशक्तीच आपल्या स्नायूंवर उलटलेली असते.

एप्रिल-मेमध्ये आंबापोळीची ताटं उन्हात ठेवायला दुसऱ्या कुणाला सांगा. ऊन लागलं की पुरळ भडकतं. ढगाळ दिवशीही लांब बाह्या आणि सनस्क्रीन हवंच.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून बऱ्याच जणी सातव्या महिन्यात कोकणात गावी येतात. तज्ज्ञ मात्र कोल्हापूरला, मुंबईला नाहीतर गोव्याला बांबोळीत. पावसात घाटात दरड कोसळली की रस्ता बंद. दीड-दोन महिन्यांच्या गोळ्या जूनआधीच घरात आणून ठेवा, आणि फाईल तालुक्याच्या डॉक्टरांना आधीच दाखवा. घास अडकू लागला किंवा दम लागला तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

सिझेरियनच होणार असं धरून चालू नका. गर्भाशयाचा स्नायू वेगळ्या जातीचा असतो, त्याला हा आजार सहसा शिवत नाही. कळा देताना मात्र दमछाक होते. स्टिरॉइड चालू आहे हे भूल देणाऱ्या डॉक्टरांना आवर्जून सांगा, त्या दिवशी जादा डोस लागू शकतो.

बाळंतपणानंतर आजार पुन्हा डोकं वर काढू शकतो. बाळाला उचलताना हात लुळे वाटले तर ओली बाळंतीण आहे म्हणून सोडून देऊ नका, त्याच आठवड्यात सीपीके (स्नायूंची इजा दाखवणारी रक्ततपासणी) तपासा.