वारा वाढतोय? शिडाच्या लहान बोटीत या चुका टाळा

मे महिन्याच्या अखेरीस मुंबई बंदरात संध्याकाळी डिंगी, म्हणजे शिडाची लहान बोट, काढणाऱ्यांनी हे पाहिलेलं असतं. वारा एकदम पडतो, शीड लोंबकळतं, पूर्वेला उरणच्या अंगाला आभाळ काळवंडतं. मग पाण्यावरून एक गडद पट्टा आपल्याकडे सरकू लागतो. तो पोचेपर्यंत जी काही मिनिटं मिळतात, बहुतेक चुका त्यातच होतात.

सगळ्यांत महागात पडणारी चूक म्हणजे रीफ उशिरा घेणं, म्हणजे शीड आवळून लहान करायला उशीर करणं. ‘अजून झेपतंय’ म्हणत आपण शीड पूर्ण ठेवतो. पण वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. १५ नॉटचा वारा ३० नॉट झाला की शिडावरचा दाब चौपट होतो. तेव्हा फडफडणारं कापड धरायला गेलात तर ते चाबकासारखं हातावर बसतं. टिलर (सुकाणूचा दांडा) जड लागू लागला, बोट सारखी वाऱ्याकडे तोंड फिरवू लागली, की रीफ घ्या.

घेतानाही क्रम चुकवू नका. मेनशीट (मोठं शीड आवळणारा दोर) सैल सोडा, हॅलयार्ड (शीड वर चढवणारा दोर) खाली द्या, शिडाच्या पुढच्या कडेचं रीफचं भोक हुकात अडकवा आणि हॅलयार्ड पुन्हा ताठ करा. मगच मागचा दोर बूमपर्यंत (शिडाखालच्या आडव्या दांड्यापर्यंत) ओढून घट्ट बांधा. मधल्या बारीक दोऱ्या फक्त गोळा झालेलं कापड आवरायला असतात. त्या करकचून बांधल्या की ताण त्यांच्यावर येतो आणि शीड नेमकं तिथेच फाटतं.

डिंगीत मेनशीट क्लीटमध्ये (दोर पकडून ठेवणाऱ्या खाचेत) अडकवून ठेवू नका. मी एकदा हात दुखला म्हणून ती अडकवली होती. झोत आला, बोट कलली, दोर ताणाखाली इतका रुतला की सुटेना. डोलकाठी पाण्यावर आडवी झाली तेव्हा तो दोर माझ्या हातापासून वीतभर लांब होता. तेव्हापासून जोराच्या वाऱ्यात शीट हातातच असते, मग तळहात सोलवटले तरी चालेल.

वारा मागून असताना जाइब करायचा, म्हणजे बोटीची पाठ वाऱ्यातून फिरवून शीड दुसऱ्या बाजूला टाकायचा, मोहही आवरा. बूम डोक्यावरून बंदुकीच्या गोळीसारखा जातो. त्यापेक्षा बोट वाऱ्याकडे वळवून टॅक करा, म्हणजे तिचं तोंड वाऱ्यातून पलीकडे न्या, आणि लांबचा फेर घेऊन हव्या दिशेला या. वेळ जातो, डोकं वाचतं.

खोल समुद्रात वेगळाच धोका असतो. बोट लाटेच्या उतारावरून घसरत सुटते, नाळ (बोटीचं पुढचं टोक) पाण्यात रुतते, मागचा भाग आडवा फिरतो आणि पुढची लाट तिला उलटवते. म्हणून वेग कमी करावा लागतो. आपल्या मुंबईत सागवानात बांधलेली ३२ फुटी ‘सुहैली’ घेऊन ब्रिटिश दर्यावर्दी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १९६८-६९ मध्ये एकट्याने, न थांबता जगप्रदक्षिणा करून आले. दक्षिण महासागरातल्या वादळांत ते बोटीच्या मागे लांबलचक दोर सोडत. दोर पाणी ओढत राहतात आणि बोटीची पाठ लाटेकडे धरून ठेवतात. असे दोर आणि ते बांधायची जागा किनाऱ्यावरच ठरवून ठेवा. वादळात जवळच्या किनाऱ्याकडे धावणंही टाळा. वारा ज्या किनाऱ्यावर ढकलतो, तिथे लाटा फुटतात आणि वळायला जागा उरत नाही.

आणि बोट सोडू नका. डिंगी उलटली तर तिला धरून राहा. पोहणाऱ्याचं डोकं लाटांत दिसत नाही, बोटीचा तळ दिसतो. १९७९ च्या फास्टनेट या इंग्लंडमधल्या शिडाच्या बोटींच्या शर्यतीला वादळाने गाठलं. ३०३ बोटी निघाल्या, ८५ पोचल्या, १५ स्पर्धक गेले. त्या वादळात २४ बोटी माणसांनी सोडून दिल्या. त्यांतल्या १९ नंतर तरंगताना सापडल्या. हे आकडे मी नव्याने शिकणाऱ्या प्रत्येकाला सांगतो.

सप्टेंबर २०१८ मध्ये नौदलाचे कमांडर अभिलाष टॉमी दक्षिण हिंदी महासागरात होते. गोव्यात बांधलेली त्यांची ‘थुरिया’ २१ तारखेला उलटली, डोलकाठ्या मोडल्या. पाठीच्या कण्याला इतकी दुखापत झाली की त्यांना उठताही येईना. बोट मात्र सरळ झाली आणि तरंगत राहिली. ते आतच पडून राहिले, आणि २४ तारखेला ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाच्या माणसांनी त्यांना तिथूनच उचललं.