बारावीचा समारंभ आणि त्याचे फोटो : अमेरिकेला निघालेल्या नाशिककरांसाठी

दर जुलैत मी माहेरी नाशिकला येते, आणि गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीत कुणी ना कुणी अमेरिकेला निघालेलं असतंच. यंदा दोन कुटुंबं आहेत. एकाची मुलगी तिथे नववीत जाईल, दुसऱ्यांचा मुलगा थेट अकरावीत. भाड्याचं घर, विमा, ड्रायव्हिंग लायसन्स, सगळं विचारून झालं. हायस्कूलच्या ग्रॅज्युएशनबद्दल मात्र कुणी विचारलं नाही. १८ वर्षांपूर्वी मीही विचारलं नव्हतं.

आपल्याकडे शाळा संपते ती कागदावर. निकाल, पेढे, शाळा सोडल्याचा दाखला, की लगेच प्रवेशाची धावपळ. तिकडे नववी ते बारावी ही चार वर्षं हायस्कूलची, आणि ती संपताना प्रत्येक मुलाचं नाव पुकारून त्याला स्टेजवर बोलावतात. २०१९ मध्ये मुलाच्या वेळी मला वाटलं, बारावीच तर आहे, खरी पदवी अजून चार वर्षांनी. नाशिकहून कुणाला बोलावलं नाही. नवरा ऑफिसच्या दौऱ्यावर गेला. इतर मुलांभोवती आजी-आजोबा, मामा-मावश्या, हातात फुलं. माझा मुलगा माझ्याजवळ एकटा उभा. परत येताना त्यानं समारंभासाठी घातलेला झगा काढला, नीट घडी करून मांडीवर ठेवला आणि विचारलं, ''आजीला फोटो पाठवलास?'' पाठवण्याजोगा एकही फोटो माझ्याकडे नव्हता. ती चूक तुमच्या हातून होऊ नये.

आजी-आजोबांना न्यायचं असेल तर तयारी वर्षभर आधी सुरू करा. व्हिजिटर व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळायलाच कधी कधी कित्येक महिने जातात. मुलाखत मुंबईत बीकेसीला, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकन वकिलातीत होते. म्हाताऱ्या माणसांना पहाटे कसारा घाट उतरवून नेण्यापेक्षा आदल्या रात्री मुंबईत मुक्काम करा. समारंभाची तारीख राज्याराज्यांत वेगळी असते, मेच्या मध्यापासून जूनच्या अखेरीपर्यंत. आमच्या न्यू जर्सीत जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात.

तिकिटांचं आधी विचारून ठेवा. बऱ्याच शाळा घरटी मोजकीच देतात. आम्हाला मुलीच्या वेळी चार मिळाली, पण पाऊस आला तर समारंभ मैदानावरून जिममध्ये, म्हणजे शाळेच्या बंदिस्त क्रीडागृहात, आणि तिकिटं फक्त दोन. ती दोन कुणाची, हे आम्ही आधीच ठरवलं होतं : आजी-आजोबांची. पाऊस आला नाही, पण आयत्या वेळी दारात वाद नको.

नावाचं काम विसरू नका. शाळा मुलांकडून उच्चार लिहून मागते, आणि मुलं संकोचानं 'चालेल कसंही' म्हणतात. चालत नाही. आमच्या मुलीच्या नावात 'ज्ञ' आहे आणि आडनावात 'ळ'. तिनं इंग्रजी अक्षरांत तुकडे पाडून लिहिलं, वर नाव वाचणाऱ्या बाईंना भेटून तीनदा म्हणून दाखवलं. 'ळ'चा 'ल' झाला. 'ज्ञ' मात्र स्पष्ट आला, आणि माझ्या आईला तो नाशिकमध्ये ऐकू आला. बऱ्याच शाळा समारंभ ऑनलाइन दाखवतात. जूनमध्ये नाशिक न्यू जर्सीच्या साडेनऊ तास पुढे असतं, म्हणजे तिकडे संध्याकाळचे साडेसहा तेव्हा इथे पहाटेचे चार. आई गुडघ्यांमुळे येऊ शकली नव्हती. काकडआरतीच्या वेळेला उठून, लुगडं बदलून टीव्हीसमोर बसली होती.

आता फोटो. मुलं आडनावाच्या अक्षरानुसार येतात. आमच्याकडे मिनिटाला आठ-दहा नावं पुकारली गेली, त्यावरून आपली पाळी कधी येणार याचा अंदाज बांधा. आमचं आडनाव शेवटच्या अक्षरांतलं, म्हणून अर्धा तास हात खाली ठेवता आला. मुलाच्या वेळी मी फोनवर दोन बोटांनी झूम ताणत बसले आणि हाती आला एक निळा ठिपका. फोनवर कॅमेऱ्याच्या लेन्सचा जेवढा झूम आहे तेवढाच वापरा. कॅमेरा असेल तर ७०-२०० मिलिमीटरची लेन्स, शटर १/५०० सेकंदाच्या आसपास, आणि सलग फोटो घेणारा मोड. जिममध्ये उजेड कमी असतो, तिथे शटर १/२५० वर आणून आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) बिनधास्त ३२०० ठेवा. स्टेजवर चढण्याच्या पायऱ्यांपेक्षा उतरण्याच्या पायऱ्यांकडची जागा धरा. हात मिळवून झाल्यावर जे हसू येतं ते तिथे दिसतं. हातात देतात ते बहुतेकदा नुसतं कव्हर असतं, खरा डिप्लोमा, म्हणजे हायस्कूल पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र, मागाहून मिळतो. घाबरू नका.

झग्यासोबतच्या टोपीचा चौकोनी पुठ्ठा डोळ्यांवर सावली पाडतो. म्हणून जवळचे फोटो काढताना कॅमेरा छातीच्या उंचीवर धरा आणि उन्हात फ्लॅश चालू ठेवा. टोपीचं टोक कपाळावर मधोमध, आणि पिना भरपूर लावा. झगा पाकिटातून चुरगळलेला निघतो. आदल्या रात्री न्हाणीघरात टांगून गरम पाणी सोडलं की वाफेनं सुटतो.

सासूबाईंनी येवल्याची पैठणी नेली होती. नेसावी की नाही यावर घरात बरीच चर्चा झाली. मैदानातल्या ॲल्युमिनियमच्या बाकांवर दोन तास बसायचं होतं, त्यामुळे खाली उशी, हातात पंखा, पण पैठणीच. माझं स्पष्ट मत आहे, मुलांना त्यांच्या मित्रांपुढे आपले कपडे लाजवतील ही भीती आपलीच असते. मुलीनं स्वतः मैत्रिणींना बोलावून आजीच्या पदरावरचे मोर दाखवले.

एक फोटो ठरवून काढा. समारंभाआधी टोपीचा गोंडा उजवीकडे असतो, डिप्लोमा मिळाला की डावीकडे करतात. स्टेजवर मुलं तो स्वतःच करतात, पण मैदानाबाहेर आल्यावर आजोबांकडून पुन्हा करून घ्या आणि तेव्हा सलग फोटो घ्या. माझ्या सासऱ्यांची बोटं थरथरतात. पहिल्या तीन फोटोंत गोंडा सुटलेला आहे, चौथ्यात मुलगी मान वाकवून थांबली आहे.

झगा विकतचा असेल तर टाकू नका, नाशिकला घेऊन या. गेल्या आठवड्यात आम्ही सकाळी साडेसहाला रामकुंडावर गेलो. गंगापूर धरणातून पाणी सोडलं असेल आणि ते दुतोंड्या मारुतीच्या पायांच्या वर चढलं असेल तर घाटावर उतरूच नका. त्या दिवशी पाणी खाली होतं. आई खुर्चीवर, मुलगी झगा घालून पायरीवर, शेजारी मुलगाही. त्याचा २०१९ चा झगा मी इतकी वर्षं जपून ठेवला होता, पण खांद्यात आता बसत नाही, म्हणून हातावर घेतलेला. आईनं आधी त्याला जवळ बोलावलं, टोपी त्याच्या डोक्यावर ठेवली आणि गोंडा डावीकडे केला.