एका नावाची दोन माणसे: आयरिश वंशावळीतील ओळखीचे आणि पितृत्वाचे गुंते कसे सोडवावेत

आयर्लंडमधील घराण्याचा शोध कागद नसल्यामुळे अडतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे आणि ती निराधार नाही. १९२२ च्या जूनअखेर डब्लिनमधील फोर कोर्ट्स या न्यायालय-संकुलाच्या आवारातील सरकारी दप्तरखाना जळाला आणि १८२१ ते १८५१ या काळातील जनगणनांचा बहुतेक भाग त्यात नष्ट झाला. १८६१ आणि १८७१ च्या जनगणनेचे कागद सरकारने आधीच नष्ट केले होते; १८८१ आणि १८९१ चे कागद पहिल्या महायुद्धाच्या काळात लगद्यासाठी गेले. त्यामुळे ब्रिटिश अमदानीतल्या जनगणनांपैकी १९०१ आणि १९११ या दोनच आज संपूर्ण पाहायला मिळतात. तरीही माझ्या मते अधिक वंशावळी बिघडतात त्या कागद न मिळाल्यामुळे नव्हे, तर मिळालेला कागद भलत्याच माणसाचा असल्यामुळे. नाव जुळले, साल जवळपास जुळले, की नोंद जोडून मोकळे व्हायचे, ही सवय आयर्लंडच्या बाबतीत फार महागात पडते.

याचे मूळ नावे ठेवण्याच्या रीतीत आहे. पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचे नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचे, तिसऱ्याला वडिलांचे. पहिल्या मुलीला आईच्या आईचे, दुसरीला वडिलांच्या आईचे, तिसरीला आईचे, असा क्रम अनेक कुटुंबांत पाळला जाई. आजोबांना चार मुलगे असतील आणि चौघांनीही ही रीत पाळली असेल, तर दहा-पंधरा वर्षांच्या अंतरात एकाच पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत, एकाच नावाचे आणि आडनावाचे चार चुलतभाऊ जन्मलेले सापडतात. त्यात एखादे मूल लहानपणी दगावले, तर पुढच्या अपत्याला पुन्हा तेच नाव दिले जाई. म्हणून जन्माची नोंद हाती आली, तरी तेच मूल मोठे होऊन आपला पूर्वज झाले, हे तिच्यावरून सिद्ध होत नाही.

यासाठी शोधाची सुरुवात जोडण्याने न करता वेगळे करण्याने करावी. त्या पॅरिशमध्ये आणि लगतच्या पॅरिशांमध्ये त्या नावाची जितकी मुले त्या पाच-सात वर्षांत जन्मली असतील, तितकी पाने वहीत घ्यावीत. प्रत्येक पानावर आईचे माहेरचे आडनाव, टाउनलँडचे (पॅरिशमधील लहान भूभागाचे) नाव, वडिलांचा व्यवसाय आणि बाप्तिस्म्याच्या वेळचे धर्मपिता-धर्ममाता यांची नावे लिहावीत, आणि मग प्रत्येकाला लग्नापर्यंत, स्थलांतरापर्यंत किंवा मृत्यूपर्यंत पोहोचवावे. ज्यांच्याशी आपले काही नाते नाही अशा माणसांवर आठवडे खर्च करणे कंटाळवाणे असते, पण आपला माणूस बहुतेक वेळा इतरांना वगळल्यावरच निश्चित होतो.

एक कल्पित उदाहरण घेऊ. पश्चिम कॉर्कमधील एका पॅरिशमध्ये १८६६ आणि १८६८ साली डॅनिअल सुलिव्हन नावाच्या दोन मुलांचा बाप्तिस्मा झाला. दोघांच्याही वडिलांचे नाव जॉन. एकाची आई माहेरची ड्रिस्कॉल, दुसऱ्याची माहेरची हर्ली. १८९२ मध्ये डॅनिअल सुलिव्हनचे लग्न नोंदले गेले. आयर्लंडच्या त्या काळच्या विवाहनोंदीत वराच्या वडिलांचे नाव आणि व्यवसाय असतो, पण आईचे नाव नसते. वयाच्या रकान्यातही अनेकदा ‘सज्ञान’ एवढाच शेरा असतो, म्हणजे एकवीस किंवा अधिक. तेव्हा हा वर दोघांपैकी कोण, हे त्या कागदावरून कळत नाही. येथे मृत्यूच्या नोंदी शोधाव्यात. त्या काळच्या मृत्युनोंदीत मृताच्या आईवडिलांसाठी रकाना नसतो, पण पत्ता आणि खबर देणाऱ्याचे नाव असते. १८७० मध्ये दोन वर्षांचा डॅनिअल वारला, तो ‘शेतकऱ्याचा मुलगा’ होता आणि खबर देणारा जॉन त्याच टाउनलँडचा होता जेथे हर्लीबाईची इतर मुले जन्मली, असे दिसले की एक उमेदवार बाद होतो. उरलेल्यासाठी लग्नातील साक्षीदार, पहिल्या दोन-तीन मुलांचे धर्मपिता-धर्ममाता आणि १९०१ मधील घराचे ठिकाण तपासावे. वराची बहीण साक्षीदार किंवा धर्ममाता म्हणून आढळली, तर तो पुरावा नावाच्या जुळण्यापेक्षा कितीतरी वजनदार असतो.

टाउनलँड हा या सगळ्याचा कणा आहे. आयर्लंडमध्ये असे साठ हजारांहून अधिक लहान भूभाग आहेत, आणि काउंटीचे किंवा शहराचे नाव ओळख पटवायला जितके निरुपयोगी, तितके टाउनलँडचे नाव उपयोगी. १८४७ ते १८६४ या काळात झालेल्या ग्रिफिथच्या मालमत्ता-मूल्यांकनात प्रत्येक टाउनलँडमधील जमीनधारकांची नावे आहेत, आणि एकाच ठिकाणी एकाच नावाचे दोघे असले तर कंसात वडिलांचे नाव किंवा घराण्याचे टोपणनाव दिलेले असते. टिपरेरी आणि लिमरिकमधील रायन, कॉर्क आणि केरीमधील सुलिव्हन यांच्या बाबतीत हे टोपणनाव हेच खरे आडनाव मानावे, कारण गावकरीही तसेच मानत. या मूल्यांकनानंतरच्या फेरफार-वह्यांत धारक बदलला की जुने नाव खोडून नवे वेगळ्या शाईत लिहिले जाई, आणि शाईच्या रंगावरून साल ताडता येते. बापाचे नाव खोडून मुलाचे नाव आले, त्याच्या आसपास बापाचा मृत्यू किंवा मुलाचे लग्न हमखास शोधावे.

नावांच्या रूपांविषयी सावध राहिले पाहिजे, कारण येथे उलटा धोका असतो: एकच माणूस दोन माणसांसारखा दिसतो. कॅथलिक पॅरिशच्या वह्यांत पुष्कळदा लॅटिन असते. जेम्स तेथे जेकोबस होतो, विल्यम गुलिएल्मस, ओवेन युजीनियस. आयरिश भाषेतला टाइग लॅटिनमध्ये थॅडियस आणि इंग्रजीत टिमथी होतो. ब्रिजेट अमेरिकेत गेली की अनेकदा डीलिया होते. हॅना हे नाव होनोरा आणि जोहाना या दोन्हींचे लघुरूप असू शकते, त्यामुळे १९०१ मधील हॅनाचा बाप्तिस्मा शोधताना दोन्ही नावे पाहावीत. आडनावांतील ‘ओ’ आणि ‘मॅक’ येतात-जातात, त्यांच्यावर काहीही उभारू नये. कॅव्हन काउंटीत मॅकगाउन आणि स्मिथ ही एकाच घराची दोन आडनावे असू शकतात, कारण आयरिश मूळ शब्दाचा अर्थच लोहार असा आहे.

वयाचीही तीच गत. १८६४ पासून सर्वांच्या जन्माची नोंद सक्तीची झाली आणि मुदत बेचाळीस दिवसांची होती. उशीर झाला तर दंड टाळण्यासाठी पालक जन्मतारीख पुढे ढकलीत, त्यामुळे बाप्तिस्मा जन्माच्या आधी झाल्यासारखा दिसतो. अशा वेळी चर्चची तारीख खरी धरावी. १९०९ पासून सत्तरी ओलांडलेल्यांना निवृत्तिवेतन मिळू लागले, आणि १९०१ ते १९११ या दहा वर्षांत अनेक वृद्धांचे वय पंधरा-सतरा वर्षांनी वाढले. वय जुळत नाही, एवढ्यावरून माणूस वेगळा ठरवू नये.

आता पालकत्वाच्या शंकेकडे वळू. अविवाहित आईच्या मुलाच्या सरकारी जन्मनोंदीत वडिलांचा रकाना सहसा कोरा असतो. चर्चच्या वहीत धर्मगुरूने ‘अनौरस’ या अर्थाचा लॅटिन शब्द लिहिलेला असतो, आणि कधीकधी, विशेषतः गावात सर्वांना ठाऊक असेल तेव्हा, वडिलांचे नावही दिलेले असते. म्हणून एकच नोंद पाहून थांबू नये. मोठेपणी अशा माणसाचे लग्न झाले की वडिलांच्या रकान्यात काहीतरी लिहावे लागे. तेथे आजोबांचे किंवा मामाचे नाव घातलेले आढळते, आणि सर्वस्वी काल्पनिक नावही असू शकते.

आजी-आजोबांनी नातवाला स्वतःचे मूल म्हणून वाढवल्याचा संशय असेल, तर १९११ च्या जनगणनेचा घरगुती तक्ता डोळ्यांसमोर धरावा. त्यात विवाहित स्त्रीपुढे तीन आकडे मागितले आहेत: लग्नाला किती वर्षे झाली, किती मुले जिवंत जन्मली आणि किती हयात आहेत. आई पन्नास वर्षांची, धाकटा मुलगा तीन वर्षांचा, त्याच्या वरचे भावंड चौदा वर्षांचे, घरात बावीस वर्षांची अविवाहित मुलगी, आणि आईच्या नावापुढे सहा मुले असे लिहिले असताना जन्मनोंदीतून तिची सहाच मुले त्या धाकट्याला वगळून सापडतात, असे चित्र असेल तर त्या मुलाची जन्मनोंद मुलीच्या नावाखाली शोधावी. केवळ वयातील अंतर मात्र पुरावा नव्हे, कारण पंचेचाळिशीतील बाळंतपणे त्या काळी अपवादात्मक नव्हती.

नात्यांच्या इंग्रजी शब्दांचे मराठी करताना घाई करू नये. तक्त्यात ‘नेफ्यू’ असते. तो पुतण्या की भाचा हे तो शब्द सांगत नाही. आडनाव घरधन्याचेच असेल तर आपण सहज पुतण्या म्हणतो, पण अविवाहित बहिणीचा मुलगाही माहेरचेच आडनाव लावतो, आणि शंकेची बहुतेक प्रकरणे नेमकी येथेच दडलेली असतात. तसेच जुन्या वापरात ‘सन-इन-लॉ’ हा शब्द जावयाप्रमाणे सावत्र मुलासाठीही येतो.

बापाचा माग कागदावर काढायचा तर वर्कहाउसच्या (निराधारांना ठेवण्याच्या सरकारी आश्रयगृहाच्या) प्रवेशवह्या आणि पेटी सेशन्स या किरकोळ खटल्यांच्या स्थानिक न्यायालयांच्या नोंदी चाळाव्यात. वर्कहाउसमध्ये मूल पोसावे लागले तर तो खर्च बापाकडून वसूल करण्याचे प्रयत्न होत. कायदेशीर दत्तकविधान उत्तर आयर्लंडमध्ये १९२९ च्या आणि दक्षिणेकडे १९५२ च्या कायद्याने सुरू झाले, म्हणून त्याआधीच्या ‘दत्तक’ मुलाचा न्यायालयीन आदेश शोधत बसू नये. दक्षिणेत दत्तक दिल्या गेलेल्या हयात व्यक्तींना २०२२ च्या कायद्याने आपली जन्मनोंद मिळवण्याचा हक्क दिला आहे.

डीएनए चाचणी येथे खरी मदत करते, पण प्रश्न आधी नीट मांडावा लागतो. १९११ च्या तक्त्याच्या वरच्या उदाहरणात धाकटा मुलगा खरोखर धाकटा भाऊ होता की थोरल्या बहिणीचा मुलगा, हे ठरवायचे आहे. त्याच्या अपत्याची तुलना त्या बहिणीच्या पुढे झालेल्या अपत्याशी केली तर उत्तर मिळणार नाही: सख्ख्या आते-मामेभावंडांत सरासरी साडेबारा टक्के डीएनए समान असतो, आणि एका पालकाकडून सावत्र असलेल्या काका-पुतण्यांतही तितकाच. तुलना घरातील दुसऱ्या भावाच्या अपत्याशी करावी. धाकटा खरा भाऊ असेल तर साडेबारा टक्के, म्हणजे सुमारे ८५० सेंटिमॉर्गन (समान डीएनए मोजण्याचे एकक), अपेक्षित असतात; तो भाचा असेल तर त्याच्या निम्मे. तरीही प्रत्यक्षात वेगवेगळ्या नात्यांच्या आकड्यांचे पल्ले एकमेकांत शिरतात, त्यामुळे शक्य असेल तर दोन-तीन भावंडांच्या शाखा तपासाव्यात. शिवाय तो बहिणीचा मुलगा असेल, तर त्याच्या वंशजांना घराण्यातील इतर कोणाशीही न जुळणाऱ्या नातेवाइकांचा एक स्वतंत्र गट दिसेल, आणि बापाचा शोध त्या गटातूनच सुरू होईल. पुरुषरेषेची वाय-गुणसूत्राची चाचणी आडनावाचा प्रश्न सोडवते, मात्र वायव्य आयर्लंडमध्ये वाय-गुणसूत्राची एम२२२ ही शाखा इतकी पसरलेली आहे की वेगवेगळ्या आडनावांचे पुरुष थोड्या मार्करांवर (चाचणीत तपासलेल्या खुणांवर) सहज जुळतात. तेथे सखोल चाचणीशिवाय निष्कर्ष काढू नये. एकाच बेटावर किंवा डोंगराळ पॅरिशमध्ये पिढ्यान्‌पिढ्या आपसांत लग्ने झाली असतील, तर समान डीएनए नात्यापेक्षा जास्त दिसतो, हेही लक्षात ठेवावे.

चाचणीचा नमुना मागताना, उत्तर अनपेक्षित निघू शकते, हे त्या नातेवाइकाला आधीच स्पष्ट सांगावे आणि निकाल कोणाला कळवायचा हे त्याच्याकडूनच ठरवून घ्यावे. वंशवृक्ष लिहिताना सिद्ध नाते सलग रेषेने आणि संभाव्य नाते तुटक रेषेने दाखवावे, आणि तुटक रेषेशेजारी त्यामागचे कारण एका वाक्यात द्यावे. बाद केलेल्या उमेदवारांची पाने फाडू नयेत. बाद का केले तो पुरावा तारखेसह त्यांच्यावरच लिहून ठेवावा, कारण उद्या एखाद्या नोंदीचे वाचन चुकलेले निघाले, तर बाद केलेला डॅनिअल पुन्हा तपासावा लागेल.